चोवीस लूम आणि एक मेलेली मधमाशी

आमच्या घरात तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावण्याआधी भांडी मागे लोटायची पद्धत होती. आई पदराला हात पुसत मांडणीपाशी जायची, वरच्या फळीवर तळवा आडवा धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे डबे, पेले, वाट्या एका दमात पुन्हा भिंतीला टेकवायची. मग त्याखालची फळी, मग त्याखालची. सकाळी भिंतीला पाठ लावून बसलेले डबे संध्याकाळपर्यंत सरकत सरकत कडेला येऊन खाली डोकवायला लागलेले असत. मी चांगली दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, भांडी सगळ्यांकडेच चालतात. पिंपातल्या पाण्यावर सतत बारीक बारीक वर्तुळं असायची, तीही मला पाण्याचा स्वभाव वाटायची. कवितेत ‘निश्चल जळ’ वगैरे आलं की मी ते कवीचं कौतुक म्हणून सोडून द्यायचे. पुण्याची आत्या पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा जेवता जेवता ताटातली वाटी चालू लागलेली बघून ‘भूकंप, भूकंप’ करत उष्ट्या हातानं अंगणात पळाली. त्यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसत होतो. खरं तर कुणाला हसायला हवं होतं, हे आता कळतं.

आमचं घर भिवंडीच्या नारपोलीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि स्वयंपाकघराची मागची भिंत हमीदचाचांच्या कारखान्याची. भिंतीपलीकडे चोवीस लूम, म्हणजे विजेवरचे माग. सकाळ, दुपार, रात्र खटखट खटखट, दोन पाळ्यांत. पाहुण्यांनी विचारलं, की आवाज फार आहे हो तुमच्याकडे, तर आम्ही अगदी मनापासून विचारायचो, “कसला?” शुक्रवारी लूम बंद असायचे. पण शुक्रवारी आप्पा शाळेत आणि मी शाळेत, नंतर कॉलेजात. आमची सुट्टी रविवारची. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घरी येईतो कारखाना परत सुरू झालेला असायचा. शांतता म्हणून जी काय होती ती आठवड्यातून एकदा एकट्या आईच्या वाट्याला यायची, आणि तिनं तिच्याबद्दल कधी काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आप्पा विज्ञानाचे मास्तर, मी विज्ञानाची विद्यार्थिनी, आणि आई दिघाशी गावची, चौथी पास. घरात निरीक्षण करणारी माणसं कोण, हे ठरलेलंच होतं.

आप्पांची ख्याती फळ्यावरच्या आकृत्यांसाठी होती. पंख पसरलेलं फुलपाखरू ते दोन्ही हातांनी एकदम काढत. डाव्या हातात खडू, उजव्या हातात खडू. दोन्ही डोक्यापाशी सुरू व्हायचे, दोन पंखांची वळणं घेत लांब जायचे आणि खाली पोटाच्या टोकाला येऊन एकमेकांना टेकायचे. मुलं टाळ्या वाजवत. मीही त्यांच्याच शाळेत होते, पण टाळ्या वाजवायची मला चोरी, घरी आल्यावर “तू का गं वाजवत होतीस? शिस्त नाही?” असं ऐकावं लागायचं. माझ्या किड्यामुंग्यांच्या वेडाचं मूळ हेच फुलपाखरू. कॉलेजात गेले तेव्हा पुढे काय घ्यायचं हे माझ्यापुरतं पक्कं होतं, झूलॉजी. त्यातही किडे. आई म्हणायची, “किडे बघायला कालेज कशाला? तांदूळ निवड.”

मी पहिल्या वर्षाला होते, तेव्हा हमीदचाचा एक कातडी पेटी घेऊन आमच्या पडवीत आले. चाचांचं घराणं कोकणातलं, पण तीन पिढ्या भिवंडीत. मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज आणि रागाला, प्रेमाला नि हिशेबाला हिंदी. त्यांच्या झब्ब्याच्या खिशात कायम एक घडीचं पितळी भिंग असे, पिक ग्लास. कापडावर ठेवून इंचात किती धागे ते मोजायचं. पेटीत कॅमेरा होता आणि एक जाडजूड लेन्स.

“मास्तर, माझा मेहुणा कुवेतहून आला होता, तो हे टाकून गेलाय. ही लेन्स म्हणे जवळचं दाखवते. पुतणीच्या लग्नात कुणीतरी हिच्यातून फोटो काढले, नवरीच्या हनुवटीवरचा तीळ एवढा आला! व्याही अजून माझ्याशी बोलत नाहीत. जवळचं बघायला माझ्याकडे पिक ग्लास आहे, मला काय करायची? तुमची मंदा किडे बघते ना, तिला द्या. मेहुणा परत आला की बघू.”

पहिला रोल मी जास्वंदीवर संपवला. तांबेंचा फोटो स्टुडिओ नाक्यावर होता. रंगीत रोल ते बाहेर पाठवत, काळे-पांढरे स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत धूत. त्यांनी माझे फोटो काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले आणि बराच वेळ बघितले.

“मंदाताई, हे काय आहे?”

“जास्वंद.”

“बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, कुणाला तरी अपघात झाला.”

तांबे खवचट होते, पण शिकवायचे जीव लावून. इतक्या जवळ गेलं की आपलीच सावली फुलावर पडते, तेव्हा उजेड बाजूनं घ्यायचा, हे त्यांनी सांगितलं. मग आईचं घासलेलं स्टीलचं ताट मी खिडकीतल्या उन्हाचा झोत वळवायला वापरू लागले. लेन्सवरचं कडं फिरवत बसायचं नाही, ते एकदा ठरवायचं आणि मग आपणच श्वासभर पुढे, श्वासभर मागे डुलायचं. जिथे केस न् केस स्पष्ट होतो तिथे बटण. भिंगाचं भोक जितकं बारीक उघडशील तितकं जास्त स्पष्ट, पण तितका उजेड कमी आणि तितकं जास्त वेळ स्थिर राहायला हवं. हे सगळं मला समजलं. समजलं म्हणजे वहीत लिहून घेतलं. पुढचे रोल मी हलणाऱ्या वस्तूंवर घालवायचे नाहीत असं ठरवलं आणि ट्यूबलाइटखाली मरून पडलेली एक मधमाशी काड्यापेटीत कापूस घालून ठेवली. रोज सकाळी तिला खिडकीच्या कट्ट्यावर बसवायचं, रोज आत ठेवायचं. आई म्हणायची, “जित्या मानसाची येवढी उठाठेव कर की.”

फोटो येत. मधमाशी मधमाशीसारखी दिसू लागली होती. पण जवळून बघितलं की प्रत्येक केसाच्या शेजारी दुसरा केस, प्रत्येक नसेशेजारी दुसरी नस. सगळं दुहेरी आणि लोणी फासल्यासारखं. एका शनिवारी तांबे भिंगातून फोटो बघत सहज म्हणाले, “फोकस बरोबर आहे. उजेड बरोबर आहे. हात हलतो तुझा.”

मीही ते घरी तितक्याच सहज सांगितलं. आप्पा वालाच्या बिरड्याबरोबर तांदळाची भाकरी खात होते. त्यांचा घास हातातच राहिला.

आमच्या घराण्यात पन्नाशीनंतर हात थरथरतात असा समज होता. आजोबांचे थरथरत, ते बशीतून चहा प्यायचे आणि अर्धा धोतराला पाजायचे. मग मोठेकाकांचे सुरू झाले. त्यांच्या पसरलेल्या हातावर डॉक्टरांनी कोरा कागद ठेवला होता. हाताचा कंप डोळ्यांना दिसत नाही तेव्हासुद्धा कागदाची कड फडफडते. आप्पा तेव्हा शेजारी उभे होते. आता आप्पा एक्कावन्न वर्षांचे होते.

जेवण झाल्यावर त्यांनी उत्तरपत्रिकेचा एक कोरा कागद आणला. “हात पुढे कर. बोटं सरळ. श्वास सोडू नकोस जोरात.” मी स्वयंपाकघरात मधोमध उभी, हातावर कागद. आप्पा खाली वाकून कागदाची कड डोळ्यांच्या रेषेत आणून बघत होते. कड थरथरत होती. पिंपळपानासारखी नाही, पण थरथरत होती. दोन मिनिटं बघून त्यांनी कागद उचलला, व्यवस्थित चौघडी केली आणि खिशात ठेवला.

“एकोणिसाव्या वर्षीच,” ते म्हणाले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीतून येताना दाराच्या फटीतून बघितलं. आप्पा एकटेच उभे होते, हात पुढे पसरलेला, हातावर तोच कागद, घड्या मोडलेला. तोही हलत होता. आणि मग मला शेजारच्या मुलांचं एक बोलणं आठवलं, जे मी कानाआड केलं होतं. “सर आता फळ्यावर चित्र काढत नाहीत. तक्ते आणतात.” वर्ष झालं म्हणे. वर्षभर आप्पा छापील फुलपाखरू खिळ्याला टांगून शिकवत होते आणि घरी कुणाला पत्ता नव्हता.

त्यानंतर आठवडाभरात त्यांनी विषय काढला. दुसऱ्या वर्षासाठी विषय निवडायचा फॉर्म दोन महिन्यांनी भरायचा होता, त्यावर पालकाची सही लागायची.

“झूलॉजी नको. चिरफाड असते, स्लाइडी करायच्या असतात. सगळा हाताचा खेळ. पुढे हातानं दगा दिला म्हणजे काय करशील? गणित घे, बँकेची परीक्षा दे.”

“माझा हात चांगला आहे.”

“कागदानं सांगितलं.”

“कागदाला काय कळतं?”

आप्पा हसले नाहीत. पण ते मास्तर होते. प्रयोगाशिवाय नापास करणं त्यांना जमत नव्हतं. “ठीक. एक फोटो आण. त्या मधमाशीच्या मागच्या पायावरचे केस मला एकेक मोजता आले पाहिजेत. आणलास तर सही करतो. फॉर्मच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत.”

ते दोन महिने मी ज्या चिकाटीनं काढले तिच्या निम्म्या चिकाटीनं अभ्यास केला असता तर विद्यापीठात पहिली आले असते. सकाळी पाण्यानं भरलेला तांब्या हात लांब करून धरायचा आणि शंभर आकडे मोजायचे. आई म्हणायची, “धरलाच हायस तर तसाच मोरीत नेऊन ओत, काम तरी व्हईल.” सुयांत दोरे ओवले, घरातल्या सगळ्या सुया ओवून झाल्या तेव्हा शेजारणींच्या ओवल्या. जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवून तीत तांदूळ भरले आणि तिच्यावर कॅमेरा टेकवला. कोपर कट्ट्यावर, श्वास छातीत, डोळा काचेला. फोटो दुहेरी. श्वास पूर्ण सोडून. दुहेरी. देवाचं नाव घेऊन. दुहेरीच, वर थोडा कललेला. मधल्या काळात मधमाशीचा एक पाय गळून पडला. तिला सहा असल्यामुळे चाललं.

शेवटच्या आठवड्यात तांबेंनी आपली तिवई दिली. तिच्यावर कॅमेरा घट्ट बसवला, दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघतो ती कळ लावली आणि मी स्वतः हात मांडीवर घेऊन चार हात लांब बसले. अख्खा रोल असा काढला. बुधवारी फॉर्म द्यायचा होता. शनिवारी फोटो हातात आले. सगळे दुहेरी.

आता तुम्हांला, म्हणजे नारपोलीत न वाढलेल्या कुणालाही, केव्हाच कळलं असेल. मला कळलं नाही. मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून आप्पांना एक नवीन सिद्धान्त सांगितला. माझा कंप इतका खोल आहे, की मी नुसती जवळ बसले तरी तो जमिनीतून तिवईत जातो. आणि आप्पा, विज्ञानाचे मास्तर, मान हलवून म्हणाले, “शक्य आहे.”

आई तेव्हा मांडणीपाशी भांडी मागे लोटत होती. तिचा हात मधल्या फळीवर थांबला. रागावली की तिची दिघाशीची बोली वर यायची.

“तुमाला दोगांना येड लागलंय का? पोरगी चार हात लांब बसली, तरी फोटू हालला. मंग ही भांडी काय कोनी हातान धरलीत? ही कशी चालतान? का यांनाबी तुमच्या घरान्याचा रोग झालाय?”

भिंतीपलीकडून खटखट येत होती, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ती मला ऐकू आली. आप्पांनी हळूच पिंपाचं झाकण उचलून आत बघितलं. पाण्यावर वर्तुळं होती.

“शुक्रवारी?” आप्पांनी विचारलं.

“शुक्रवारी न्हाय हालत. शुक्रवारी मी लोटीतच न्हाय.”

“हे आधी सांगितलं नाहीस?”

“तुमी कदी इचारलंत?”

शुक्रवारपर्यंत थांबता येत नव्हतं, फॉर्म बुधवारी होता. मग वीज जायची वाट बघायची असं ठरलं. आमची वीज अधूनमधून न सांगता जायची, तीही बहुतेक आम्ही शाळा-कॉलेजात असताना. रविवारी सकाळी मी मधमाशी कट्ट्यावर मांडली, ताट उन्हाकडे लावलं, कॅमेऱ्याला डोळा लावून बसले. वीज गेली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. आई म्हणाली, “आज तिच्या घरी पाव्हने आले असतील.” बाराला मी उठले आणि चपला घातल्या.

“कुठे?”

“चाचांकडे. लूम बंद करा म्हणून सांगते.”

“काहीतरीच! त्यांचा धंदा आहे. एका फोटोसाठी चोवीस लूम?” आप्पा म्हणाले. पण अडवायला उठले नाहीत. उठून त्यांनी खिसा चाचपला, तो कागद आहे ना बघितलं आणि पुन्हा बसले. ते मी बघितलं नसतं तर कदाचित परत फिरले असते.

कारखान्यात बोलायचं म्हणजे ओरडायचं. चाचा दारातच कापडाच्या तागावर पिक ग्लास ठेवून वाकले होते.

“लूम बंद करू? का? कोण गेलं?”

“कुणी नाही! फोटो काढायचाय! मधमाशीचा!”

“जिवंत?”

“मेलेली!”

चाचांनी पिक ग्लास मिटलं. “मंदा बेटी, चालू लूम मध्येच थांबवला की कापडात आडवी रेघ येते. चोवीस लूम, चोवीस रेघा. तुझ्या एका माशीपायी?”

“मधमाशी, चाचा.”

“नाही काढला फोटो तर काय होईल?”

“आप्पा सही करणार नाहीत. बँकेत जावं लागेल.”

“बँकेत वाईट काय? पंखा असतो.”

मग मी सगळं सांगितलं. ओरडून. कागद, मोठेकाका, पाण्यावरची वर्तुळं, आणि शेवटी, न सांगायचं ठरवलेलं तेही, की आप्पा वर्षभर फळ्यावर चित्र काढत नाहीत. घराण्याचं गुपित मी असं चोवीस लूमच्या वर आवाज चढवून सांगितलं. चाचांचा धाकटा भाऊ आणि दोन्ही मुलं आप्पांच्या हाताखालून गेली होती. मिटलेलं पिक ग्लास त्यांनी खिशात टाकलं.

“वो दोनों हाथवाली तितली? नहीं बनाते?”

“नाही.”

त्यांनी मुकादमाला हाक मारली. रामसुमेर, अलाहाबादकडचा, कानाला कायम रुमाल बांधलेला. त्याला त्यांनी हातवारे करून काहीतरी समजावलं. रामसुमेरनं माझ्याकडे बघितलं, काड्यापेटीकडे बघितलं आणि म्हणाला, “इसमें क्या है सेठ? कांडी खतम होने दो. जिसकी खतम हुई, वो दूसरी मत डालो. पाँच-सात मिनट में सब अपने आप बंद. लकीर का झंझट ही नहीं.”

धोट्यातली सुताची कांडी दर काही मिनिटांनी संपतेच आणि लूम थांबतोच. कारागीर नवी घालतो आणि लूम पुन्हा धावतो. नवी घालायचीच नाही, इतकं सोपं. “दस मिनट,” चाचांनी मला बोट दाखवलं. “उसके बाद मैं किसी की तितली नहीं सुनूँगा. पळ!”

मी पळाले. आईनं ताट धरलं, आप्पा खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मी कोपर टेकवून बसले आणि पलीकडे आवाज विरळ व्हायला लागला. आधी काही कळलं नाही. मग दाट पावसात छत्रीखाली गेल्यासारखं वाटलं. मग एकेक लूम वेगळा ऐकू येऊ लागला. हा जड पावलांचा, हा लंगडणारा. पाच राहिले. तीन. मग एकच, लांबच्या कोपऱ्यातला, खट, खट, खट, जणू त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तोही थांबला.

आमच्या घरात घड्याळ आहे, आणि ते टिकटिक करतं, हे मला त्या दिवशी कळलं. आईच्या बांगड्यांचा आवाज इतका मोठा होता की तीच दचकली. समोरच्या चाळीतून कुणीतरी गॅलरीत येऊन विचारलं, “लूम बंद कसे? कोण गेलं हो?” आणि दुसऱ्या कुणीतरी तितक्याच मोठ्यानं सांगितलं, “मास्तरांकडची माशी!”

मी काचेतून बघितलं. दोन महिने जी मधमाशी माझ्या डोळ्यासमोर उकळत्या पाण्यातल्यासारखी दिसायची, आणि मला वाटायचं दिसतेच तशी, ती गप्प बसली होती. पायावरचे केस उभे होते, आणि त्यांना परागाचे कण चिकटलेले होते. ते कण मी कधी बघितलेच नव्हते. श्वासभर पुढे, श्वासभर मागे, बटण. पुन्हा. पुन्हा. रोलमध्ये आठ फोटो शिल्लक होते; सात काढले.

मान वर केली तर आप्पांनी खिशातून तो कागद काढला होता. घड्या मोडून त्यांनी तो तळव्यानं सपाट केला आणि उजवा हात खिडकीच्या उजेडात पुढे केला. पण कागद ठेवायला त्यांचा डावा हात होईना. तो आईनं ठेवला. आप्पांनी डोळे मिटले.

तांदळाची पिशवी उचलून त्यांच्याकडे वळवली, कॅमेरा तिच्यावर टेकवला आणि जवळ गेले, इतकी जवळ की त्यांच्या बोटांच्या रेघांत रविवारीसुद्धा बसलेला खडू दिसत होता. शेवटचा फोटो. बटण. त्याच क्षणी भिंतीपलीकडे पहिला लूम सुरू झाला आणि मांडणीवरचा पेला किणकिणला.

मंगळवारी तांबेंनी दोन फोटो मोठे करून दिले आणि त्या दिवशी ते काहीच खवचट बोलले नाहीत, त्यावरून मी काय ते ओळखलं. आप्पा पडवीत बसले. पिक ग्लास चाचांनी स्वतः आणून दिलं, आणि ते फोटोवर ठेवून आप्पा मधमाशीच्या मागच्या पायावरचे केस मोजू लागले. खरोखर मोजू लागले, ओठ हलवत. चाचा खांद्यावरून वाकून म्हणाले, “मास्तर, इंचात किती पडले?” सत्तेचाळिसापाशी आप्पांचा गोंधळ झाला आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मग त्यांनी दुसरा फोटो उचलला. त्यात एक हात होता आणि त्यावर एक कागद, आणि कागदाची कड आदल्या दिवशी धार लावलेल्या विळीसारखी सरळ होती. तो फोटो बघायला त्यांनी पिक ग्लास घेतलं नाही. चष्माही काढला. आतून आई म्हणाली, “फारम कुठंय? भाकरी थापायच्या आदी सही करा, मंग हात पिठाचे होतील माझे, मला दिसनार न्हाय.” त्या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण आप्पांनी सही केली.

गुरुवारी शेजारची मुलं शाळेतून धावत आली ती सांगतच, सरांनी फळ्यावर फुलपाखरू काढलं. मी विचारलं, “दोन्ही खडू खाली एकमेकांना टेकले का?” मोठा म्हणाला, “टेकले. जराशी गाठ पडली, पण टेकले.”

आप्पांचे हात पुढे खरंच थरथरू लागले, पण पंचाहत्तरीनंतर. चहा सांडला की ते म्हणायचे, “हमीदनं कारखाना सुरू केला वाटतं.” कारखाना तेव्हा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, लूम भंगारात गेले, मानकोलीकडे गोदामं उठली आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडेही आता कुणीतरी खोकी रचून ठेवतं. लेन्स माझ्याकडेच राहिली. मेहुणा आला होता एकदा. मधमाशीचा फोटो बघून म्हणाला, असू दे. तीस वर्षं मी मुलांना झूलॉजी शिकवली आणि फळ्यावर एक फुलपाखरू मला कधी सरळ काढता आलं नाही, एका हातानंसुद्धा.

गेल्या महिन्यात बाल्कनीत एक मधमाशी मरून पडलेली मिळाली. काड्यापेटी आता घरात नसते, औषधाच्या डबीत ठेवली. पहिला फोटो काढला. केस दुहेरी. दुसराही. मी आप्पांच्या त्या एक्कावन्नच्या केव्हाच पुढे आले आहे, आणि दोष द्यायला भिंतीपलीकडे आता एकही लूम नाही. मी पंखा बंद केला, मिक्सर बंद करायला सांगितला, नवऱ्याला म्हटलं, जागचं हलू नका. तांदळाची पिशवी शिवली. कोपर टेकवलं, श्वास धरला. कागद काढून हातावर ठेवून बघावा असं एकदा मनात आलं. पण आप्पांनी केस मोजून सही केली होती, कागद बघून नाही. अकराव्या फोटोत केस मोजता आले. मी मोजले. पहिल्यापासून, दोनदा.